प्लेग कमिशनर ते उपसंचालक

कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या चार जिल्ह्यांच्या सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी कागदोपत्री एका माणसावर असते. तो म्हणजे आरोग्य सेवेच्या कोल्हापूर परिमंडळाचा उपसंचालक. राज्यात अशी आठ परिमंडळे आहेत. पन्हाळ्यापासून दोडामार्गापर्यंत आणि जतच्या दुष्काळी माळापासून दापोलीच्या किनाऱ्यापर्यंत कुठेही साथ उद्भवली, तर उत्तर द्यावे लागते ते याच अधिकाऱ्याला. उत्तर द्यायला लागणारी साधने मात्र त्याच्या हातात फारच थोडी असतात. याचा दोष अलीकडच्या सरकारांवर ढकलणे सोपे आहे, पण हा दोष या पदाच्या जन्मापासूनचा आहे. तो कधी आणि कुठे भरून निघाला होता हे कोल्हापूरच्याच इतिहासात सापडते, म्हणून तो इतिहास आज वाचायला हवा.

1857 नंतर हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेत लढाईपेक्षा रोगाने जास्त सैनिक मरतात, हे विलायतेच्या रॉयल कमिशनने दाखवून दिले आणि 1864 पासून इलाख्यांत सॅनिटरी कमिशने नेमली गेली. त्यांतून पुढे सॅनिटरी कमिशनरचे पद रूढ झाले. या अधिकाऱ्याने दौरे करावेत, मृत्यूचे आकडे जमवावेत, गटारे आणि विहिरींवर अहवाल लिहावेत, एवढीच अपेक्षा होती. पैसा नगरपालिकांकडे, हुकूम कलेक्टरकडे आणि दवाखाने सर्जन जनरलकडे, अशी विभागणी पहिल्यापासून झाली. सल्ला देणारा एक, खर्च करणारा दुसरा आणि हुकूम सोडणारा तिसरा. मुंबई शहरात हेल्थ ऑफिसर हेवलेट यांना काही करून दाखवता आले, ते पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांची तिजोरी पाठीशी होती म्हणून. इलाख्याच्या बाकी मुलखात अहवाल साचत राहिले. कोल्हापूर संस्थान या व्यवस्थेच्या बाहेर होते. तिथे 1884 मध्ये आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, म्हणजे आजचे सीपीआर, सुरू झाले, त्याच दशकात कळंब्याचे पाणी शहरात आले. आणि या दोन्ही गोष्टींचा कारभार शेवटी एकाच दरबाराकडे जाऊन मिळत होता.

या फरकाची खरी परीक्षा प्लेगने घेतली. 1896 मध्ये मुंबईत उतरलेला प्लेग रेल्वेच्या वाटेने दख्खनेत पसरला. मिरजेहून कोल्हापूरला आगगाडी 1891 मध्येच आली होती, त्यामुळे संस्थानालाही फार काळ सुटका नव्हती. पुण्यात फेब्रुवारी 1897 च्या साथरोग कायद्याच्या बळावर वॉल्टर रँड यांच्या हाती प्लेग कमिटी आली. रँड डॉक्टर नव्हते, मुलकी अधिकारी होते. गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर शिरल्या, माजघरे आणि देवघरे तपासली गेली, सामान रस्त्यावर आले. 22 जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. कोल्हापुरात शाहू महाराजांनी प्लेगचे काम भास्करराव जाधवांकडे सोपवले आणि त्यांना प्लेग कमिशनर नेमले. जाधवही डॉक्टर नव्हते. अलिबागकडचे हे एम.ए., एलएल.बी. गृहस्थ 1895 मध्ये असिस्टंट सरसुभे म्हणून संस्थानच्या नोकरीत आले होते. पुढे सत्यशोधक चळवळीचे आणि मुंबई सरकारच्या मंत्रिमंडळाचे जाधव म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखले, पण त्यांच्या कारकिर्दीचा हा आरोग्याचा अध्याय कमी लिहिला गेला आहे.

साथ एक, वर्षे जवळपास तीच. दोन्हीकडे प्रमुख डॉक्टर नसलेला, दोघांच्याही मागे सत्तेचे पूर्ण पाठबळ. तरी एकाच्या नावाने शहर पेटले आणि दुसऱ्याच्या नावाने पेटले नाही. हा फरक स्वभावाचा म्हणून सोडून देता येणार नाही. रँड यांची ख्याती त्यांच्या आधी पुण्यात पोचली होती. 1894 च्या वाईच्या वाद्यप्रकरणात प्रतिष्ठित मंडळींना तुरुंगात धाडणारा साताऱ्याचा अधिकारी म्हणून लोक त्यांना ओळखत होते. जाधव मुलकी खात्यातून आलेले. गावाबाहेर माळावर वस्ती हलवायची तर पाटलाला विश्वासात घ्यावे लागते, झोपड्यांना लाकूडफाटा लागतो, पाणी लागते, मागे राहिलेल्या घरांना राखण लागते. ही सगळी कामे मुलकी कारभारातली आहेत, वैद्यकातली नव्हेत, आणि ती करणारी खाती ज्याच्या शब्दावर हलतात त्यालाच साथीचा बंदोबस्त जमतो. शिवाय महाराज स्वतः साथीच्या गावांतून फिरत होते. हुकूम कुणाच्या इच्छेने निघतो आहे हे लोकांना डोळ्यांनी दिसत होते. कोल्हापूरच्या प्लेग कमिशनरकडे अधिकार होता आणि त्या अधिकारावर लोकांचा भरवसाही होता. पुण्यात दुसरी गोष्ट नव्हती. पहिली गोष्ट त्यामुळे शस्त्रासारखी वापरली गेली.

एवढे करूनही कोल्हापुरात माणसे मेलीच, मग या कारभाराचे कौतुक कशाला, असे कुणी विचारेल. हा आक्षेप खरा आहे आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. प्लेग पुढची अनेक वर्षे दख्खनेत परत परत येत राहिला आणि कुठल्याच दरबाराला तो थोपवता आला नाही. उंदीर आणि पिसवा यांचा संबंध सिमों या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्ये दाखवला, पण तो सर्वमान्य व्हायला आणखी दहा वर्षे गेली. त्या अज्ञानाच्या काळात घरे धुणे, सामान जाळणे, प्रवाशांना अडवणे यांपेक्षा गाव रिकामे करणेच सर्वांत उपयोगी ठरले, कारण माणूस नकळत उंदरांपासून दूर जात होता. हा उपाय मात्र सक्तीने फार काळ टिकत नाही. पावसाळ्यात माळावर राहायला माणूस तयार होतो तो पटले तरच. म्हणून जाधवांच्या कामाचे मोल प्लेग हटला की नाही यावर ठरवू नये. लोक घरे सोडून बाहेर पडायला तयार झाले का, यावर ठरवावे.

हा भरवसा एका माणसाच्या बळावर उभा राहत नाही. कृष्णाबाई केळवकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकल्या, संस्थानच्या मदतीने प्रसूतिशास्त्राच्या शिक्षणासाठी आयर्लंडला गेल्या आणि आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. ज्या घरांत पुरुष डॉक्टरला उंबरठ्याच्या आत येऊ देत नसत, तिथे त्या जात. इस्पितळ म्हणजे मरायला जाण्याची जागा, ही समजूत अशाच माणसांनी मोडली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे सगळे राजेशाहीत चालले; एका सज्जन राजाच्या मर्जीवर उभ्या असलेल्या कारभाराचा लोकशाहीला काय उपयोग? तो राजा नसता, किंवा तसा नसता, तर कोल्हापूरचेही पुणे झाले असते. हे मान्यच करावे लागते. पण त्यामुळे मूळ प्रश्न सुटत नाही, कारण लोकशाहीने राजाची मर्जी काढून टाकताना त्या मर्जीने जुळवून आणलेल्या गोष्टी एकत्र ठेवण्याची दुसरी सोय केली नाही. 1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि कोल्हापूरचे आरोग्य इलाख्याच्या जुन्या दुभंगलेल्या व्यवस्थेत गेले. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे गेली. सत्ता गावाजवळ आली, हे चांगलेच झाले. 1970 मध्ये सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने ही दोन खाती एका संचालनालयाखाली आली, हेही चांगले. पण त्याच वेळी वैद्यकीय शिक्षण वेगळे झाले. त्याचा परिणाम कोल्हापूरला पुढे जाणवला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले तेव्हा सीपीआर अधिष्ठात्यांच्या अखत्यारीत गेले. आज केंद्रे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे, ग्रामीण रुग्णालये जिल्हा शल्य चिकित्सकाकडे, सर्वांत मोठे इस्पितळ दुसऱ्याच खात्याकडे आणि शहराचे आरोग्य महापालिकेकडे आहे. उपसंचालक या सर्वांना बैठकीला बोलावतो.

त्यात भूगोलाची आणखी एक गाठ आहे. आरोग्याचे परिमंडळ आणि महसुलाचा विभाग यांच्या सीमा जुळत नाहीत. कोल्हापूर आणि सांगली पुणे विभागात, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग कोकण विभागात. म्हणजे या एका अधिकाऱ्याला दोन विभागीय आयुक्तांशी जुळवून घ्यावे लागते. मार्च 2020 मध्ये करोनासाठी पुन्हा 1897 चाच कायदा लागू झाला, तेव्हा जिल्ह्यांत आदेश काढण्याचे बळ जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्तांना मिळाले. परिमंडळाच्या वाट्याला समन्वय आला. त्याआधी 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. पाणी नगरपालिकेचे, पंचगंगेच्या प्रदूषणाची जबाबदारी प्रदूषण नियंत्रण मंडळाची, रोगी आरोग्य खात्याचे. रोगाच्या मुळाशी असलेल्या नळावर आरोग्याच्या अधिकाऱ्याचा हुकूम चालत नव्हता. सॅनिटरी कमिशनरचा अहवाल आणि नगरपालिकेची गटारे यांच्यामधले अंतर दीडशे वर्षांत फारसे कमी झालेले नाही.

मग परिमंडळ ही पायरीच काढून टाकावी, जिल्हा आणि मुंबई पुरे, असेही म्हटले जाते. ते पटत नाही. 2016 पासून दोडामार्गात माकडताप दिसू लागला. तो गोव्याच्या सत्तरीत आणि कर्नाटकाच्या जंगलातही आहे. तो जिल्ह्याची हद्द पाळत नाही आणि मुंबईतून वेळेवर दिसतही नाही. पुराचेही तसेच. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, आणि ऑगस्ट 2019 मध्ये शिरोळ काय आणि सांगली काय, दोन्ही एकाच पाण्याखाली होती. अशा वेळी दोन-चार जिल्हे एकत्र पाहणारा अधिकारी लागतोच.

तेव्हा पद ठेवायचे असेल तर त्याला साथीपुरता तरी खरा अधिकार द्यावा. साथ जाहीर होताच चारही जिल्ह्यांतली सरकारी इस्पितळे, मग ती कोणत्याही खात्याची असोत, त्याच्या शब्दाखाली यावीत. दूषित पाणी थांबवण्याचा त्याचा आदेश पालिकेवर बंधनकारक असावा. त्या आदेशाचे कारण त्याने लोकांसमोर आणि जिल्हा परिषदेच्या सभेत मांडावे, म्हणजे रँडचा मार्ग बंद राहील. आणि 2005 च्या बदल्यांच्या कायद्यातली तीन वर्षे त्याला पूर्ण मिळावीत, तीही अतिरिक्त कार्यभाराच्या ओझ्याशिवाय. हे करायला राजा लागत नाही. विधिमंडळात एक दुरुस्ती पुरते. कोल्हापूर, सांगली आणि कोकणच्या आमदारांनी ती मागावी.