बिनपगारी मुकादम

ब्रिटनमधल्या एखाद्या शेतकऱ्याने आपल्या कुरणात दोन-तीन डझन मोटरहोम मुक्कामाला उभ्या करू दिल्या, तर कायद्याच्या लेखी ते नुसते कुरण राहत नाही. त्याची 'कॅरॅव्हॅन साइट' होते आणि तिला स्थानिक प्रशासनाचा परवाना लागतो. तोच मुक्काम मान्यताप्राप्त क्लबाच्या मेळाव्याचा असेल, तर परवाना लागत नाही. ही सूट १९६० च्या कॅरॅव्हॅन साइट्स कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. अटी मोजक्याच: मेळावा सभासदांचा असावा, पाच दिवसांहून लांबू नये आणि सगळा मुक्काम क्लबाच्या देखरेखीखाली व्हावा. शेवटची अट कागदावर अर्ध्या ओळीची, पण मैदानावर ती निभावतो एखादा साधा सभासदच. आपली गाडी घेऊन तो इतरांच्या आधी पोचतो, सगळे गेल्यावर निघतो आणि मधल्या काळात पगार न घेता मुकादमी करतो. त्याला रॅली मार्शल म्हणतात. त्याचे कौतुक होते ते बहुधा उत्साहाबद्दल आणि मनमिळाऊपणाबद्दल. इतिहास पाहिला तर मात्र मामला निव्वळ उत्साहाचा वाटत नाही. हौसेने चाकांवर राहणाऱ्यांनी सरकारकडून आणि गावकऱ्यांकडून जी मोकळीक मिळवली, तिची किंमत या माणसाच्या श्रमांतून चुकती होत आली आहे.

सुरुवातीला हे श्रम नोकरांच्या वाट्याला होते. ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेले डॉक्टर आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून 'वाँडरर' ही घोड्यांची गाडी खास बांधून घेतली आणि १८८५ मध्ये तिच्यातून इंग्लंडपासून स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसपर्यंत मजल मारली. घोडे सांभाळायला गाडीवान होता आणि एक नोकर तिचाकी सायकलवर पुढे जाऊन समोरून येणाऱ्यांना सावध करायचा. १९०७ मध्ये जे. हॅरिस स्टोन यांच्या पुढाकाराने कॅरॅव्हॅन क्लब निघाला, तो अशाच खात्यापित्या मंडळींचा. पहिल्या महायुद्धानंतर बर्मिंगहॅमची एकल्स कंपनी मोटारीमागे ओढायच्या कॅरॅव्हॅन बनवू लागली आणि हळूहळू ही हौस मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. नोकर गेले, काम तेवढेच उरले: जागा शोधा, पाणी बघा, मैल्याची विल्हेवाट लावा, जमिनीच्या मालकाशी गोडीने बोला. ते आता सभासदांनी आपसांत वाटून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पण नोकरांची जागा भरायची एवढ्यावरच हे भागले असते, तर चार पैसे जमवून माणूस ठेवता आला असता. खरी अडचण वेगळी होती. चाकांवर राहणारा माणूस इंग्लंडमध्ये आधीपासूनच संशयित होता. कोलव्हिलचे जॉर्ज स्मिथ १८८० च्या दशकात फिरत्या घरांची नोंदणी आणि आरोग्य तपासणी व्हावी म्हणून कायद्याचा आग्रह धरून बसले होते. त्यांचा रोख जिप्सी आणि जत्रेवाल्यांवर होता, आणि त्यांना विरोध करायला जत्रेवाल्यांनी १८८९ मध्ये आपली संघटना उभारली. फिरत्या घरांवर निर्बंध हवेत ही मागणी विरली नाही. अखेर १९३६ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने स्थानिक प्रशासनाला त्यांच्यावर अंकुश दिला, आणि त्यातच एक पळवाट ठेवली: जी संघटना आपल्या सभासदांचे तळ नीट चालवते, स्वच्छ ठेवते आणि कोणाला उपद्रव होऊ देत नाही अशी मंत्र्यांची खात्री पटेल, तिला हा अंकुश लागू नाही. १९६० च्या कायद्याने हाच धागा पुढे नेला. केर उचलणे ही सभ्यतेची बाब होती, ती सवलतीची अट झाली. मोटरहोमवाल्यांचा मोटर कॅरॅव्हॅनर्स क्लब १९६० चाच; त्याला ही रीत तयारच मिळाली.

मार्शलचे काम जवळून पाहिले की हे पटते. दिंडीच्या सामानाचा ट्रक पुढच्या मुक्कामी आधी जाऊन राहुट्या ठोकतो, तसा तो आदल्या दिवशी मैदानात हजर असतो. आधी पावलांनी जागा मोजायची, कारण दोन गाड्यांमध्ये सहा मीटर अंतर हवे; एकीला आग लागली तर दुसरीने पेट घेऊ नये. मग प्यायच्या पाण्याचा नळ कुठे, केमिकल टॉयलेटची टाकी कुठे रिकामी करायची, आगीची घंटा आणि बादल्या कुठे, याच्या पाट्या लावायच्या. मोटरहोमच्या बाबतीत आणखी एक डोकेदुखी असते. ओढायची कॅरॅव्हॅन हलकी. मोटरहोम तीन-साडेतीन टनांची, आणि पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर ओल्या गवतात चाक जागच्या जागी फिरून खड्डा पाडते. कोणती गाडी चढावर घ्यायची, कोणती कडेच्या घट्ट जमिनीवर, हे मार्शल ठरवतो. चुकला तर ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि पुढच्या वर्षी शेतकरी कुरण देत नाही.

यावर वाजवी आक्षेप असा की अमेरिकेत क्लबांसाठी असा कायदा नव्हता, तरी तिथेही हीच रीत पडली. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा शहरातल्या डी सोटो पार्कमध्ये 'टिन कॅन टुरिस्ट्स' स्थापन झाले. रेडिएटरच्या झाकणावर पत्र्याचा डबा बसवणे ही त्यांची खूण. थट्टेखोर नावाच्या या मंडळींनी पहिल्यापासून ब्रीद धरले ते मात्र स्वच्छ तळाचे आणि सभ्य वागणुकीचे. १९६३ च्या जुलैत मेन राज्यातल्या हिंक्ली इथे खग्रास सूर्यग्रहण पाहायला बसगाड्यांची घरे केलेली २६ कुटुंबे जमली आणि त्यातून फॅमिली मोटर कोच असोसिएशन उभी राहिली. तिच्या प्रचंड मेळाव्यांतही गाड्या लावून देणारे सभासदच असतात. माझ्या मते हा आक्षेप मूळ म्हणणे खोडत नाही, रुंदावतो. अमेरिकेत मंत्र्याच्या जागी नगरपालिका आणि जत्रेच्या मैदानांचे चालक होते. डब्यातले खाऊन डबे रस्त्यावर टाकणारे, अशी ख्याती झाली असती तर पुढच्या हिवाळ्यात दार बंद. परवानगी कायद्याने मिळो की मर्जीने, ती टिकवायला कोणीतरी मैदानात उभे राहावेच लागते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा, आणि तो मला बराचसा मान्य आहे. ज्या १९६० च्या कायद्याने क्लबांना सूट दिली, त्याच्याच तेविसाव्या कलमाने गावच्या गायरानांवर कॅरॅव्हॅन लावायला बंदी करण्याचा अधिकार स्थानिक प्रशासनाला दिला. पिढ्यान्‌पिढ्या तिथे उतरणाऱ्या जिप्सी कुटुंबांवर त्याचा वार झाला. त्यांच्यासाठी जागा पुरवण्याचे कर्तव्य १९६८ च्या कायद्याने घातले, तेही १९९४ मध्ये काढून टाकले. म्हणजे स्वच्छतेपेक्षा जातकुळीच बघितली गेली, असे कोणी म्हणाले तर पुरावा त्याच्या बाजूने बराच आहे. जिप्सींच्या तळावरही सांभाळणारी वडीलधारी माणसे होती. सरकारदरबारी त्यांची गणती 'संघटना' म्हणून झाली नाही, इतकेच. मात्र यातून मार्शलचे काम देखाव्याचे ठरत नाही. ज्यांच्याकडे नाव, पत्ता आणि वार्षिक वर्गणी होती त्यांनाही सरकारने फुकट विश्वास दिला नाही. देखरेख करणारा दाखवा, मगच सूट, असे सांगितले. पक्षपात सूट कोणाला मागता आली यात आहे, सूट राखण्याच्या कष्टात नाही.

पगारी व्यवस्थेचा पर्याय अर्थातच आहे. मोठ्या क्लबांच्या कायम तळांवर नोकरीवरचे व्यवस्थापक असतात. महाराष्ट्राने २०२१ मध्ये आणलेल्या कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणातही विचार आहे तो कॅरॅव्हॅन पार्कचा, म्हणजे नेमून दिलेल्या जागेचा. तिथे पाहुणा पैसे देतो, बाकीचे जागा चालवणारा बघतो. पण पाच दिवसांसाठी उसन्या घेतलेल्या कुरणाला असा धनी नसतो, आणि तिथली सूट कच्ची असते. १९६० च्या ब्रिटिश कायद्याच्या त्याच परिशिष्टात तरतूद आहे की स्थानिक प्रशासनाने अर्ज केला तर मंत्री एखाद्या जमिनीपुरती ही सवलत काढून घेऊ शकतात. जनरेटर रात्री बंद करा म्हणून दारोदार फिरणारा मार्शल काही सभासदांना खडूस वाटतो, पण शेजारच्या गावातून पहिली तक्रार येते ती त्याच आवाजाबद्दल, आणि ती घेऊन कोणी प्रशासनाकडे जाण्याआधी ऐकून घ्यायला तोच जागेवर असतो.