सर्वांदेखत लिहिलेली राज्यघटना

देशाची राज्यघटना लोकांच्या डोळ्यांदेखत, अर्धीमुर्धी असतानाच उघडी ठेवून लिहिता येते का? उत्तर अटलांटिकमधल्या आइसलँडने २०११ मध्ये हे करून पाहिले. तेव्हा देशाची लोकसंख्या होती सव्वातीन लाखांच्या आसपास. आपल्याकडे एखाद्या मध्यम शहराची असते, तेवढीच.

निमित्त झाले दिवाळखोरीचे. ऑक्टोबर २००८ मध्ये तिथल्या तीन मोठ्या बँका आठवडाभरात कोसळल्या. लोक थाळ्या-पातेली बडवत संसदेसमोर जमले आणि जानेवारी २००९ मध्ये सरकार पडले. राग नुसता बुडालेल्या पैशांचा नव्हता. एवढे सगळे चालले असताना आपल्याला कोणी काही सांगितलेच नाही, हा होता. घटना होती १९४४ ची, डेन्मार्कशी उरलेले नाते तोडताना डॅनिश घटनेवरूनच बेतलेली. पुढे सवडीने नवी लिहू, असे ठरले होते. ती सवड काही मिळाली नव्हती.

नोव्हेंबर २०१० मध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली सुमारे साडेनऊशे माणसे दिवसभर एकत्र बसली आणि नव्या घटनेत काय हवे ते बोलली. मग २५ जागांसाठी ५२२ उमेदवार उभे राहिले. खासदारांना उभे राहण्यास मनाई होती. निवडून आले त्यांत प्राध्यापक होते, डॉक्टर होते, पाद्री आणि शेतकरीही होते. सर्वोच्च न्यायालयाने तांत्रिक दोषांवरून निवडणूकच रद्द ठरवली. तेव्हा संसदेने जवळपास त्याच मंडळींची परिषद नेमली.

परिषदेला मिळाले चार महिने. जी कलमे लिहून होत, ती कच्च्या स्वरूपातच संकेतस्थळावर ठेवली जात. लोक तिथे आणि फेसबुकवर शेरे लिहीत, सभासद उत्तरे देत, मजकूर पुन्हा बदले. बैठकाही इंटरनेटवर दिसत. आपल्या घटनेचा मसुदाही फेब्रुवारी १९४८ मध्ये छापून लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. पण तो आधी पुरा झालेला होता. इथे खाडाखोडच चव्हाट्यावर! शेरे आले साडेतीन हजारांच्या घरात. आकडा फार मोठा नव्हे. माझ्या मते खरे मोल त्या आकड्यात नाही. कोणते वाक्य कधी बदलले, हे कोणालाही पाहता येत होते, यात आहे.

जुलै २०११ अखेर ११४ कलमांचा मसुदा संसदेच्या हाती आला. सरकारी माहिती लोकांना खुली असावी, खासगी मालकीत नसलेली निसर्गसंपत्ती देशाची असावी, अशी कलमे त्यात होती. मासेमारीवर जगणाऱ्या देशात हे दुसरे कलम कोणाला झोंबले असेल, ते सांगायला नको. ऑक्टोबर २०१२ च्या सार्वमतात निम्मे मतदारच आले, पण त्यांतल्या दोन तृतीयांशांनी मसुद्याला कौल दिला.

मात्र सार्वमत केवळ सल्ल्यापुरते होते. तिथे घटना बदलायची तर संसदेने ठराव करायचा, मग निवडणूक घ्यायची आणि नव्या संसदेने तोच ठराव पुन्हा मंजूर करायचा. २०१३ च्या निवडणुकीआधी विधेयक अंतिम मतदानाला आलेच नाही. निवडणुकीनंतर आलेल्या सत्ताधाऱ्यांनी ते पुढे नेले नाही. आइसलँडमध्ये आजही १९४४ चीच घटना लागू आहे.