घरची शाळा आणि दारातला परीक्षक

स्वीडनमध्ये प्रत्येक पॅरिशने, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागाने, सर्व मुलांसाठी शाळा चालवली पाहिजे, असा कायदा झाला १८४२ साली. पण त्याच्या कितीतरी आधी, १८व्या शतकाच्या अखेरीपर्यंत, तिथल्या बहुसंख्य शेतकरी स्त्री-पुरुषांना छापील मजकूर वाचता येऊ लागला होता. गावोगाव शाळा नव्हत्या, मास्तर नव्हते, फी भरायची ऐपतही नव्हती. या माणसांना वाचायला शिकवले ते त्यांच्या आईबापांनी, स्वतःच्या घरात, बाराखडीचे एक पातळ पुस्तक आणि ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी यांच्या आधाराने. आज घरी शिकवण्याचा प्रश्न निघाला की दोन बाजू पडतात. एक म्हणते, मूल आमचे आहे, सरकारने मध्ये पडू नये. दुसरी म्हणते, घर म्हणजे बंद खोली, तिथे शिक्षण कसले, धर्माचे घोटीव पाठांतर तेवढे होणार. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की घरचे शिक्षण म्हणजे समाजापासून तुटलेले शिक्षण. इतिहास नेमके याच्या उलट सांगतो. ख्रिस्ती युरोपात घर ही शाळा म्हणून यशस्वी झाली ती दोन गोष्टींमुळे: फारसे न शिकलेल्या आईलाही वापरता येईल असे पुस्तक तिच्या हाती आले, आणि मूल काय शिकले हे विचारायला कोणीतरी बाहेरून येत राहिले.

सुरुवात पुस्तकापासून केली पाहिजे. मार्टिन लुथरची छोटी प्रश्नोत्तरी १५२९ साली निघाली. तिच्यातल्या दहा आज्ञा, विश्वासाचा अंगीकार, प्रभूची प्रार्थना अशा प्रत्येक भागाच्या मथळ्याखाली हे घरच्या कर्त्या माणसाने आपल्या माणसांना शिकवायचे आहे, असे स्पष्ट लिहिले आहे. त्याच वर्षी त्याने आपल्या प्रार्थनापुस्तकाला बायबलमधल्या कथांच्या चित्रांची जोड दिली. मुले आणि साधी माणसे चित्राने अधिक लक्षात ठेवतात, हे त्याचे त्यामागचे कारण होते. पण चित्राला अध्यापनात खरा मान मिळवून दिला तो मोरावियाच्या कोमेनियसने. १५९२ साली जन्मलेला हा माणूस बोहेमियन बंधुमंडळाचा पाळक आणि पुढे बिशप. १६२० साली बोहेमियातल्या प्रॉटेस्टंटांचा पराभव झाल्यावर त्याच्या पंथाचा छळ सुरू झाला, बायको आणि मुले साथीत गेली, आणि १६२८ पासून तो मरेपर्यंत परागंदा राहिला. देश, चर्च आणि शाळा एकाच वेळी हिरावल्या गेलेल्या समाजाचे लहान मूल कुठे शिकणार? कोमेनियसच्या शिक्षणयोजनेत पहिल्या सहा वर्षांची शाळा ‘आईची मांडी’ हीच आहे, आणि त्याने आईबापांसाठी त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ते निर्वासितांच्या गरजेतून आलेले शहाणपण होते.

१६५८ साली न्यूरेंबर्गला छापलेले त्याचे ‘ऑर्बिस पिक्टस’ म्हणजे ‘चित्रमय जग’ हे पुस्तक जरा जवळून पाहण्यासारखे आहे. आरंभीच मुळाक्षरे येतात, पण ती प्राण्यांच्या तोंडून. कावळ्याचे चित्र आणि त्याच्या ओरडण्यातून ‘अ’चा उच्चार, कोकराचे चित्र आणि त्याच्या बेंबाटण्यातून ‘ब’चा. पोराला कावळा ओरडून दाखवता येतो, म्हणजे अक्षराचा आवाज त्याच्या गळ्यात आधीपासूनच आहे. पुढे दीडशे प्रकरणे. प्रत्येकाला लाकडी ठशाचे एक चित्र, चित्रातल्या प्रत्येक वस्तूवर आकडा, आणि खालच्या लॅटिन व जर्मन वाक्यांत त्या त्या शब्दाजवळ तोच आकडा. भट्टीजवळच्या फावड्यावर जो आकडा आहे तो वाक्यात शोधला की शब्द सापडतो. शिकवणाऱ्याला वाचनापलीकडे वेगळी विद्या लागत नाही, बोट ठेवता आले की पुरे. या प्रकरणांची सुरुवात देवापासून होते आणि शेवट अंतिम न्यायाच्या दिवशी. मधल्या पानांवर पाव भाजणारा, मासे धरणारा, न्हावी, पुस्तकबांधणी करणारा असे सगळे जग भरले आहे. यहुदी आणि इस्लाम या धर्मांनाही त्यात आपापली पाने आहेत. प्रस्तावनेत कोमेनियस सांगतो, की मुलाला शाळेत घालण्याआधी घरीच हे पुस्तक हाती द्यावे, चित्रे हवी तशी पाहू द्यावीत, वाटल्यास गिरवू द्यावीत. धर्मशिक्षण आणि जगाची ओळख त्याच्या मनात वेगळी नव्हती, आणि त्या दोहोंची किल्ली चित्र होते.

तरी चांगले पुस्तक एकट्याने देश साक्षर करत नाही. स्वीडनच्या १६८६ च्या चर्च-कायद्याने मुलांनी आणि नोकरचाकरांनी वाचायला शिकून देवाचे वचन स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे अशी अपेक्षा धरली, आणि ती तपासण्याची व्यवस्था उभी केली. पॅरिशचे छोटे छोटे भाग पाडलेले असत. ठरल्या दिवशी त्या भागातली कुटुंबे एखाद्या शेतकऱ्याच्या घरी जमत, पाळक मोठे रजिस्टर उघडी, आणि मालक, मालकीण, मुले, गडी, मोलकरीण अशा क्रमाने एकेकाला पुढे बोलावी. पुस्तकातून वाचणे, प्रश्नोत्तरी पाठ म्हणणे आणि तिचा अर्थ समजणे यांची वेगवेगळ्या रकान्यांत नोंद होई. प्रश्नोत्तरी येत नसेल तर प्रभुभोजनाला बसता येत नसे, आणि त्यावाचून लग्नही ठरत नसे. लुथरन मुलखात बाराखडीच्या पुस्तकावर कोंबड्याचे चित्र असे, आणि मुलाने धडा नीट वाचला की तो कोंबडा रात्री पुस्तकात साखरेचा खडा किंवा नाणे घालतो अशी समजूत होती. ते नाणे कोण ठेवी हे सांगायला नको. आईचे प्रेम आणि पाळकाचा वचक अशा दोन चाकांवर ही गाडी चालली. शिकवणारी बहुधा आई असल्यामुळे वाचनात स्त्रिया पुरुषांच्या मागे राहिल्या नाहीत, ही त्या व्यवस्थेची सर्वांत मोलाची कमाई.

अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत हीच गोष्ट दिसते. १६४२ च्या कायद्याने मुलांना वाचायला आणि धर्माची तत्त्वे समजायला शिकवण्याची जबाबदारी आईबाप व धन्यांवर टाकली, आणि ती पाळली जाते का हे पाहण्याचे काम गावच्या पंचांवर. पाचच वर्षांनी पन्नास घरांच्या गावाने शिक्षक नेमावा असा पुढचा कायदा आला, कारण सगळ्याच घरांना ते झेपत नव्हते. याच प्रदेशातल्या बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. त्यांच्या मायदेशी आईला वाचता येणे हे जवळजवळ धरून चालण्याजोगे होते, इथे तसे नव्हते. म्हणून अमेरिकन मिशनला आधी शाळा काढाव्या लागल्या, १८२४ मध्ये मुंबईत मुलींसाठी शाळा उघडावी लागली, आणि घरात मुलांनी वाचायचे ‘बालबोधमेवा’ हे मासिक आले ते १८७३ साली. चित्रपुस्तक घरी शिकवते खरे, पण त्या घरात आधी एक वाचणारी बाई हवी.

यावर पहिला आक्षेप असा, की हे वाचन नव्हेच, पाठ केलेल्या ओळींवरून डोळे फिरवणे होते. आक्षेप अगदी पोकळ नाही, पण पाळकांना तो आपला आपणच सुचला होता. वाचणे आणि पाठ म्हणणे यांचे रकाने वेगळे होते ते यासाठीच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे शिक्षण नसून कोवळ्या मनावर केलेला धर्माचा संस्कार होता, आणि त्यात भीतीही होती. मॅसॅच्युसेट्स ज्यात येते त्या न्यू इंग्लंडच्या प्रसिद्ध अंकलिपीत जॉन रॉजर्स या प्रॉटेस्टंट हुतात्म्याला खांबाला बांधून जाळल्याचे चित्र होते आणि शेजारी त्याची बायकापोरे उभी होती. असे चित्र पाच वर्षांच्या मुलापुढे ठेवणे चूकच, त्याचे समर्थन करता येत नाही. पण संस्कार करणाऱ्याच्या हेतूवरून शिक्षणाचा परिणाम मोजता येत नाही. स्वीडनमध्ये घरोघरी वाचायला शिकलेल्या माणसांनी एकत्र बसून स्वतः धर्मग्रंथ वाचायला सुरुवात केली, तेव्हा खुद्द चर्चच घाबरले. १७२६ च्या फर्मानाने अशा खाजगी बैठकांवर बंदी आली आणि ती १८५८ पर्यंत टिकली. उत्तरेकडच्या अशा भाविकांना लोक ‘वाचणारे’ म्हणूनच ओळखत. आज्ञाधारकपणासाठी दिलेली विद्या आज्ञा तपासायला वापरली गेली. वाचता येणाऱ्या मुलाने पुढे काय वाचावे हे कोणालाच कायमचे ठरवता येत नाही.

या व्यवस्थेची मर्यादा मात्र ठसठशीत होती. पाळक लेखन तपासत नसे, म्हणून लेखन घरात शिकवलेच जात नव्हते. ज्यांना पुस्तक वाचता येई त्यांतल्या पुष्कळांना पत्र लिहिता येत नव्हते. म्हणजे परीक्षक जे विचारतो तेच घर शिकवते, आणि म्हणूनच परीक्षकाने काय विचारावे हा खरा प्रश्न आहे. आज स्वीडनच्या २०१० च्या शिक्षण-कायद्यानुसार घरी शिकवण्याची परवानगी अगदी असाधारण कारणासाठीच मिळते. उलट अमेरिकेत सर्व राज्यांत ते कायदेशीर आहे आणि काही राज्यांत मुलाच्या प्रगतीची विचारपूसही होत नाही. ज्या समाजांनी घराला शाळा बनवून दाखवले त्यांचा अनुभव या दोन्ही टोकांच्या विरुद्ध जातो. आईवर विश्वास टाका, तिच्या हाती उत्तम चित्रपुस्तक द्या, तिच्या श्रद्धेचा मान राखा, आणि तरीही वर्षातून एकदा तिच्या मुलाला वाचून, लिहून आणि समजावून दाखवायला सांगा. हे विचारणे म्हणजे घराचा अपमान नव्हे. मूल घरात वाढत असले तरी ते साऱ्या गावाचे आहे, ही त्यामागची जाणीव आहे.