भाषा मोजायची कशी?

परदेशी शिक्षणासाठी निघालेला एखादा माजी विद्यार्थी 'आयेल्ट्स' या इंग्रजी परीक्षेचे निकालपत्र घेऊन शाळेत येतो. ऐकणे ६.५, वाचणे ६.५, लिहिणे ५, बोलणे ७ आणि एकूण ६.५. तो विचारतो, "सर, म्हणजे किती टक्के पडले?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर साधे नाही. हे टक्के नव्हेतच! मग हे आकडे आले कुठून? त्यासाठी थोडे इतिहासात डोकवावे लागेल.

बारा तासांची परीक्षा

१९१३ साली केंब्रिज विद्यापीठाने परकीयांसाठी इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा सुरू केली. ती मुख्यतः आपापल्या देशात इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी होती. तिचे स्वरूप पाहा. इंग्रजीतून फ्रेंच किंवा जर्मनमध्ये भाषांतर २ तास. उलटे भाषांतर आणि व्याकरण अडीच तास. निबंध २ तास, साहित्य ३ तास, उच्चारशास्त्र दीड तास. शिवाय श्रुतलेखन अर्धा तास आणि वाचन-संभाषण अर्धा तास. एकूण १२ तास! पहिल्या वर्षी तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले.

भाषा येणे म्हणजे काय, याविषयीची एक समजूत या परीक्षेमागे होती. भाषांतर करता येणे, व्याकरण सांगता येणे, साहित्याचा अभ्यास असणे म्हणजे भाषा येणे. पुढे १९३२ मध्ये उच्चारशास्त्राची प्रश्नपत्रिका काढून टाकण्यात आली. समजूत बदलली की परीक्षा बदलते, हे इथे प्रथम दिसते.

परीक्षक बदलला की गुण बदलतात

त्याच सुमारास अमेरिकेत वेगळीच शंका घेतली जात होती. विस्कॉन्सिन विद्यापीठातील स्टार्च आणि एलियट यांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती काढून अनेक शाळांतील शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या. १९१२ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. १४२ शिक्षकांनी तपासलेल्या एकाच उत्तरपत्रिकेला शंभरपैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण मिळाले होते. दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत! उत्तर तेच, शब्द तेच. बदलला होता तो फक्त तपासणारा.

मोजपट्टी हातागणिक लांब-आखूड होत असेल, तर ती मोजपट्टी कसली? यावर उपाय निघाला तो असा, की तपासणाऱ्याला मत द्यायची संधीच ठेवायची नाही. कॅन्ससच्या फ्रेडरिक केली यांनी १९१५ च्या सुमारास मूकवाचनाची एक चाचणी तयार केली. तिच्यातील प्रश्नांना एकच बरोबर उत्तर होते. बहुपर्यायी प्रश्नांचा प्रसार इथून पुढे वेगाने झाला.

तपासणी यंत्राकडे सोपवण्याचे काम एका विज्ञानशिक्षकाने केले. मिशिगनमधील रेनॉल्ड जॉन्सन यांना शिसपेन्सिलीच्या एका गुणाचा उपयोग सुचला. शिसपेन्सिलीतले ग्रॅफाइट वीजवाहक असते, कागद नसतो. मग पेन्सिलीने केलेल्या खुणेवर दोन टोके टेकवली, तर त्यातून सूक्ष्म प्रवाह वाहणारच. बरोबर उत्तरांच्या जागी वाहणारे प्रवाह एकत्र मोजले, की काटा थेट गुण दाखवतो. या तत्त्वावरचे यंत्र आय.बी.एम. कंपनीने १९३८ मध्ये बाजारात आणले.

न बोलता बोलण्याची परीक्षा

अमेरिकेत येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी १९६४ मध्ये 'टोफेल' सुरू झाली, ती याच परंपरेत वाढलेली. ऐकणे, वाक्यरचना, शब्दसंग्रह, वाचन आणि लेखनक्षमता असे तिचे पाच भाग होते आणि सगळे बहुपर्यायी. म्हणजे एकही वाक्य न लिहिता लेखनाची परीक्षा! बोलण्याचा तर प्रश्नच नव्हता. गुण कुणीही मोजले तरी तेच येत, पण मोजायचे होते ते मोजले जात होते का?

१९६१ मध्ये या परीक्षेचा विचार चालू असतानाच मानसशास्त्रज्ञ जॉन कॅरोल यांनी सुचवले होते, की भाषेचे सुटे तुकडे तपासणे पुरेसे नाही, संपूर्ण बोलणे किंवा लिहिणे समजते का हेही पाहायला हवे. प्रत्यक्ष निबंध १९८६ मध्ये आला आणि मुख्य परीक्षेत बोलणे सर्वांना सक्तीचे झाले ते २००५ मध्ये, इंटरनेटवर आधारलेल्या नव्या स्वरूपात.

ब्रिटनमध्ये १९८० साली वेगळा मार्ग निवडला गेला. शिकणाऱ्याला इंग्रजी कशासाठी हवे, हे पाहून वैद्यक, तंत्रज्ञान, सामाजिक शास्त्रे असे स्वतंत्र विभाग केले गेले. ती परीक्षा १९८९ मध्ये 'आयेल्ट्स' झाली, तेव्हा विषयगट तीनवर आले आणि १९९५ मध्ये उच्च शिक्षणासाठी सर्वांना एकच प्रश्नपत्रिका ठरली.

साडेसहा म्हणजे काय?

आता आपल्या विद्यार्थ्याकडे वळू या. आयेल्ट्समध्ये ० ते ९ अशा पायऱ्या असतात, त्यांना 'बँड' म्हणतात. ऐकणे आणि वाचणे यांत प्रत्येकी ४० प्रश्न असतात. साधारणपणे ३० उत्तरे बरोबर आली, तर बँड ७ मिळतो. प्रश्नपत्रिका सोपी-अवघड असेल त्याप्रमाणे हा आकडा थोडा मागेपुढे होतो. लिहिणे आणि बोलणे मात्र माणसे तपासतात, पण ठरलेल्या निकषांवर. लेखनातील दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याच्या दुप्पट वजन असते.

एकूण बँड म्हणजे चारांची सरासरी, जवळच्या अर्ध्या पायरीवर आणलेली. ६.५, ६.५, ५ आणि ७ यांची बेरीज २५, सरासरी ६.२५. नियमाप्रमाणे पाव वर चढतो, म्हणून ६.५. लिहिण्यात ५ ऐवजी ४.५ पडले असते, तर सरासरी ६.१२५ आणि एकूण बँड ६! विद्यापीठाची अट ६.५ ची असेल, तर एका निबंधातील अर्ध्या पायरीने दार बंद झाले असते. आणि प्रत्येक कौशल्यात किमान ६ हवेत अशी अट असेल, तर एकूण ६.५ असूनही लेखनातले ५ आडवे येतात. म्हणून निकालपत्र वाचताना एकूण आकड्याआधी चार आकडे पाहायला विद्यार्थ्यांना शिकवावे.

तापमापीवरही अर्ध्या अंशाची चूक आपण गृहीत धरतो. भाषेच्या मापाला तेवढी तरी सूट द्यायला हवी. हे विद्यार्थ्यांना पटवण्यासाठी शिक्षकखोलीत एक प्रयोग करून पाहा. एकाच निबंधाच्या पाच प्रती नाव झाकून पाच सहकाऱ्यांना द्या आणि गुण एकमेकांना न दाखवता लिहायला सांगा. मग सर्वांनी मिळून निकष ठरवा आणि दुसरा निबंध तसाच तपासा. दोन्ही वेळच्या गुणांतील अंतर फळ्यावर मांडले, की शंभर वर्षांचा हा इतिहास वर्गाला वेगळा सांगावा लागणार नाही.