मेसेज ‘दिला’ म्हणजे ‘पोचला’ का? पुश नोटिफिकेशनचा छोटासा इतिहास

पीएचडीला विषय कसा सापडतो असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. माझा विषय मला देवगोई घाटात सापडला. त्याची गोष्ट आणि त्यामागचा इतिहास आज सांगते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी अक्कलकुव्याहून एसटीने मोलगीला चालले होते. घाटात रेंज गेली. नेमका तेव्हाच लॅबमधल्या मैत्रिणीने मेसेज टाकला, की सेमिनार परवा नाही, उद्या सकाळीच आहे. मोलगीत दुपारी रेंज आली, पण फोन वाजला नाही. संध्याकाळी सहज ॲप उघडलं तेव्हा मेसेज दिसला. तोवर परतीची शेवटची गाडी गेली होती आणि सेमिनार हुकला. दोष तरी कोणाला द्यायचा? सर्व्हर आम्हीच प्रयोगासाठी उभा केलेला. लॉग उघडला तर त्यात नोंद होती: मेसेज दिला.

असं का झालं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

जेरेमी मिलर यांनी 1999 च्या जानेवारीत जॅबर जाहीर केलं. त्यातूनच पुढे एक्सएमपीपी हा प्रोटोकॉल आला आणि 2004 मध्ये आरएफसी 3920 म्हणून प्रमाणित झाला. तेव्हा चॅट करणारा माणूस टेबलावरच्या संगणकापुढे बसलेला असायचा. त्यामुळे सर्व्हरचा नियम सोपा होता: माणूस ऑनलाइन असेल तर मेसेज देऊन टाक, नसेल तर साठवून ठेव. ऑनलाइन म्हणजे काय, तर टीसीपी जोडणी उघडी आहे.

पण घाटात शिरलेला फोन सर्व्हरला ‘येते’ म्हणून निरोप घेत नाही. जोडणी मेलेली असते आणि सर्व्हरला ती जिवंत वाटते. किती वेळ? लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये, पाठवलेल्या डेटाला उत्तर आलं नाही तर साधारण 15 मिनिटं पुन्हा पुन्हा प्रयत्न चालतात. काही पाठवलंच नसेल, तर टीसीपीची ‘आहेस का?’ ही तपासणी चालू केली असली तरी तिची सुरुवातच 2 तासांनी होते. माझा मेसेज या मधल्या काळात गेला. सर्व्हरच्या हिशोबाने मी ऑनलाइन होते, म्हणून त्याने नोटिफिकेशन पाठवलंच नाही.

गंमत म्हणजे जुन्या एसएमएसने हा प्रश्न आधीच सोडवला होता. 1992 पासून एसएमएस केंद्र मेसेज साठवतं आणि फोन नेटवर्कमध्ये परत आला की देतं, कारण फोन परत आल्याचं मोबाइल नेटवर्कलाच कळतं. इंटरनेटवरच्या चॅट सर्व्हरला ते कळत नाही.

मग ॲपने पार्श्वभूमीत सतत जोडणी धरून ठेवली तर? बॅटरी संपते. म्हणून ॲपलने जून 2008 मध्ये वेगळी कल्पना मांडली: फोनची एकच जोडणी ॲपलच्या सर्व्हरशी राहील आणि सगळ्या ॲपच्या सूचना तिच्यावरून येतील. सप्टेंबरचा वायदा होता, सेवा आली जून 2009 मध्ये. तोवर व्हॉट्सॲप हे फक्त ‘स्टेटस’ दाखवणारं ॲप होतं. पुश आल्यावर ते मेसेजिंगकडे वळलं. 2010 मध्ये, म्हणजे आपल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार दिलं गेलं त्याच वर्षी, गूगलनेही अँड्रॉइडसाठी अशी सेवा आणली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पुश म्हणजे मेसेज नव्हे, पुश म्हणजे मिस्ड कॉल. ‘सर्व्हरवर काहीतरी आलंय, येऊन घेऊन जा’ एवढंच तो सांगतो. सुरुवातीला ॲपलच्या सूचनेत जेमतेम 256 बाइट मावत. आणि मिस्ड कॉल हरवूही शकतो. गूगलच्या सेवेत बंद फोनसाठी एका ॲपच्या 100 पेक्षा जास्त सूचना साठल्या तर त्या सगळ्याच टाकून दिल्या जातात, आणि ॲपला फक्त सर्व्हरकडून सगळं नव्याने घ्यायला सांगितलं जातं. 2015 मध्ये अँड्रॉइडमध्ये ‘डोझ’ आलं. तेव्हापासून पडून असलेल्या फोनवर साध्या प्राधान्याची सूचना उशिराही येते.

त्याच 2015 साली एक्सएमपीपीमध्ये पुशसाठी एक्सईपी-0357 आलं. पोचपावतीची सोय तर एक्सईपी-0198 मध्ये आधीपासून होती. रजिस्टर पत्राची पोचपावती सही होऊन परत येते, तसं फोनने ‘मिळाला’ असं कळवायचं. आमच्या सर्व्हरवर दोन्ही सोयी चालू होत्या, पण एकमेकींशी जोडलेल्या नव्हत्या. आता मेसेज आधी साठवला जातो, मग पाठवला जातो. ठरलेल्या सेकंदांत पोचपावती आली नाही तर जोडणी संशयित धरून पुश जातो. एका संभाषणाचे दहा मेसेज साठले तरी मिस्ड कॉल एकच. आणि ॲप काढून टाकलेल्या फोनचं टोकन आता चालत नाही असं ॲपल किंवा गूगलने कळवलं, की ते आम्ही लगेच पुसतो.

ते ‘ठरलेले सेकंद’ किती असावेत, हाच माझा संशोधनप्रश्न. कमी ठेवले तर उगाच पुश जातात, बॅटरी जाते. जास्त ठेवले तर माणूस माझ्यासारखा अडकतो. शहरातल्या वायफायवर मोजलेलं उत्तर धडगावला चालेलच असं नाही.

तुम्ही प्रस्ताव लिहाल तेव्हा एक काम नक्की करा. लॉगमधल्या प्रत्येक शब्दाला विचारा: हे कोणी पाहिलं? सर्व्हरने मेसेज घेतला, पुश सेवेने सूचना घेतली, फोनने पोच दिली, माणसाने वाचलं, या चार वेगळ्या वेळा आहेत. पहिल्या दोन मोजायला सोप्या, म्हणून बरेच जण तिथेच थांबतात आणि त्यालाच ‘पोचला’ म्हणतात. मीही म्हणत होते. तुमच्या पाड्यावर रेंज येत-जात असेल तर तिसरी वेळ मोजायची जागा तुमच्या घरातच आहे. एक वही घ्या, आठवडाभर मेसेज पाठवल्याची आणि फोन वाजल्याची वेळ लिहा. पुढच्या भागात त्या आकड्यांचं काय करायचं ते बघू.