झोपेचं सोंग

२००६ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. कराडला आमच्या भागात भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि वीज त्याच्याही आधी जायची. मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक होतो. पुण्याहून एक सेकंडहँड लॅपटॉप आणला होता, वीज गेल्यावरही तासभर काम चालावं एवढ्याच हिशेबाने. त्यावर उबुंटू लिनक्स घातलं. तेव्हा उबुंटूच्या सीड्या मागितल्या की परदेशातून टपालाने फुकट यायच्या. आमच्या पोस्टमनकाकांची समजूत झाली होती की माझा कोणी भाऊ युरोपात असतो.

सगळं छान चाललं. आवाज, नेटवर्क, मराठी फॉन्टसुद्धा. फक्त झाकण मिटायचं नाही, एवढं एक पथ्य. मिटलं की चंद्राच्या चिन्हाचा दिवा लागायचा, म्हणजे झोप लागली. उघडलं की पंखा फिरायचा, डिस्क गुरगुरायची आणि स्क्रीन काळीच राहायची. अशा वेळी आम्ही कॅप्स लॉक दाबून बघायचो. त्याचा दिवा लागला-विझला तर मशीन जिवंत आहे, नुसतं आंधळं झालंय. नाही लागला तर गेलं. मग पॉवरचं बटण दाबून धरायचं आणि अर्ध्यावर टाइप केलेल्या प्रश्नपत्रिकेवर पाणी सोडायचं.

स्टाफरूममध्ये एक सर म्हणायचे, "फुकटचं आहे ना, मग झोपेल पण फुकट्यासारखं." ते मला लागायचं. खरं काय आहे ते खोदायला लागलो तो त्या बोलण्यामुळे.

मुळात झोप ही ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातातली गोष्टच नव्हती. १९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम नावाची पद्धत आणली. तिच्यात सगळा कारभार बायोसकडे, म्हणजे बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमकडे. मशीन रिकामं बसलंय असं बायोसला वाटलं की ते आपलं आपण झोपवायचं. वर चाललेल्या सिस्टिमला धड पत्ताही नसायचा. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने मिळून एसीपीआय काढलं आणि निर्णय सिस्टिमकडे दिला. झोपेच्या पायऱ्या ठरल्या, एस-१ ते एस-५. त्यातली लॅपटॉपवाल्यांची लाडकी एस-३. तिच्यात फक्त मेमरीला थेंबभर वीज मिळते, बाकी जवळपास सगळं बंद. एस-४ मध्ये मेमरी डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंदच करायचं.

पण प्रत्येक कंपनीच्या बोर्डावर वायरिंग वेगळं. कुठला दिवा कुठल्या पिनवर, झाकणाचा स्विच कुठे, हे सिस्टिमला कळणार कसं? त्यासाठी कंपनीने मशीनमध्येच तक्ते लिहून ठेवायचे. घरमालक गावाला जाताना भाडेकरूला चिठ्ठी ठेवतो ना, मोटरचं बटण जिन्याखाली, टाकीचा व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवा, तशी ही चिठ्ठी. त्यातल्या मुख्य तक्त्याला डीएसडीटी म्हणतात. तो नुसता तक्ता नसतो, तो एक छोटा प्रोग्रॅम असतो आणि सिस्टिमच्या कर्नलला, म्हणजे तिच्या गाभ्याला, तो वाचून चालवावा लागतो.

घोळ इथे झाला. ही चिठ्ठी तयार करणारे कंपायलर दोन, एक मायक्रोसॉफ्टचा, एक इंटेलचा. मायक्रोसॉफ्टचा पोटात घालणारा. कंपनीने केलेल्या चुका तो खपवून घ्यायचा. विंडोजवर मशीन झोपलं-उठलं की कंपनीचं काम संपलं. लिनक्सने घेतला इंटेलचा कोड, आणि तो शुद्धलेखनाच्या बाईंसारखा. चुकलं की अडलं. मी माझ्या लॅपटॉपचा डीएसडीटी उलगडून इंटेलच्या कंपायलरमधून घातला तेव्हा चुकांची यादी स्क्रीनवरून सरकत वर गेली. एका ठिकाणी तर फंक्शनने उत्तर परत द्यायचं, तेच दिलेलं नव्हतं. त्या चुका दुरुस्त करून आपली चिठ्ठी कर्नलला वाचायला द्यायची, हा त्या काळी लिनक्सवाल्यांचा घरगुती उद्योग होता.

त्याच चिठ्ठीत एक प्रश्नही असायचा: तू कोण? हा प्रश्न एसीपीआयच्या नियमांतच आहे. उत्तरं ठरलेली. 'विंडोज २००१' म्हणजे एक्सपी, 'विंडोज २००६' म्हणजे व्हिस्टा, 'विंडोज २००९' म्हणजे सेव्हन. लिनक्स या सगळ्यांना 'हो, मीच' म्हणतो. आजही म्हणतो. आधी 'लिनक्स आहेस का?' या प्रश्नालाही तो खरं उत्तर द्यायचा. २००७ च्या सुमारास कर्नलवाल्यांनी ठरवलं की यापुढे या प्रश्नाला साफ नाही म्हणायचं. कारण खरं सांगितलं की तक्त्यातल्या ज्या वाटेला पाठवलं जाई, ती वाट बहुधा कोणी तपासलेलीच नसे. आपल्याकडे गोष्टींमध्ये वेषांतर करून राजवाड्यात शिरतात. इथे आपल्याच घरात शिरायला वेषांतर.

तक्त्यांच्या या घोळाला कट म्हणणारेही होते आणि त्यांच्या हाती एक कागद लागला. जानेवारी १९९९ मध्ये बिल गेट्स यांनी लिहिलेला ईमेल, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या खटल्यात पुरावा म्हणून उघड झालेला. आपल्या भागीदारांनी एवढी मेहनत करायची आणि लिनक्स काही न करता मस्त चालायचं, हे बरं नाही; एसीपीआयचे विस्तार विंडोजपुरते ठेवता येतील का, असा त्याचा आशय. वाचून रक्त तापतं खरं. पण मी त्या ईमेलवर खापर फोडत नाही. इतकी वर्षं मशीन उघडतो आहे. तक्ते लिहिणाऱ्यांचा निष्काळजीपणा सगळ्याला पुरून उरेल एवढा होता.

पडद्याचं दुखणं मात्र आपलंच होतं. एस-३ मधून उठताना ग्राफिक्स कार्ड कोरं असतं. मशीन चालू करताना बायोस त्याला जागं करतं, झोपेतून उठताना बहुधा करत नाही. ते काम ड्रायव्हरने करायचं. लिनक्समध्ये तेव्हा कार्डाशी बोलायचा तो स्क्रीनवर चित्र काढणारा एक्स सर्व्हर, कर्नलला कार्डाची फारशी ओळखच नाही. मॅथ्यू गॅरेट नावाच्या माणसाने, जो केंब्रिजला फळमाश्यांच्या जनुकांवर काम करत होता, कार्डातला बायोसचा कोड पुन्हा चालवून स्क्रीन उठवणारं एक हत्यार बनवलं, व्हीबीईटूल. कुठल्या मॉडेलला कुठली मात्रा लागू पडते त्याच्या याद्या फिरायच्या. माझं मॉडेल कुठल्याच यादीत नव्हतं. हा आजार मुळापासून बरा झाला तो मार्च २००९ च्या २.६.२९ कर्नलपासून, कार्डाचा ताबा कर्नलकडे आला तेव्हा. तोही आधी इंटेलच्या कार्डांपुरता.

पण माझं मशीन पडद्यामुळे अडत नव्हतं. कॅप्स लॉकची नाडीच लागत नव्हती. आणि जे मशीन उठतानाच मरतं, ते कशाने मेलं हे सांगणार कोण? स्क्रीन नाही, डिस्क अजून उठलेली नाही, मेमरी रीस्टार्टमध्ये पुसली जाणार. लिनक्सचा जनक लिनस टॉरव्हाल्ड्सने २००६ मध्ये त्यावर काढलेला तोडगा आठवला की मला अजून हसू येतं. अशा प्रसंगी मशीनमध्ये एकच वस्तू टिकते: बॅटरीवर चालणारं घड्याळ. मग त्या घड्याळातच लिहून ठेवायचं! उठता उठता कर्नल प्रत्येक पावलाला त्या पावलाची सांकेतिक खूण तारीख-वेळ म्हणून घड्याळात घालतो. मशीन मेलं की रीस्टार्ट करायचं, घड्याळात कुठली तारीख आहे ते वाचायचं, आणि ती कुठल्या डिव्हाइसशी जुळते ते कर्नलच सांगतो. घड्याळ चालूच असतं, त्यामुळे मिनिटं तीनच्या पटीत लिहिलेली. म्हणजे तीन मिनिटांच्या आत मशीन परत वर आलं पाहिजे.

ही सोय २.६.१८ कर्नलमध्ये आली. मी ते दिवाळीच्या सुट्टीत स्वतः कंपाइल केलं. दोनदा मध्येच वीज गेली, बॅटरी पुरली नाही. तिसऱ्यांदा झालं. झाकण मिटलं, उघडलं, मेलं, रीस्टार्ट केलं. स्क्रीनवर तारीख आली १९७१ सालची, आणि खाली जुळणारं नाव: वायरलेस कार्ड. ज्या कार्डाचा कराडात मला काडीचा उपयोग नव्हता, त्याने सहा महिने झोप उडवली होती. झोपण्याआधी त्याचा ड्रायव्हर काढायचा आणि उठल्यावर परत घालायचा, अशी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. लॅपटॉप उठला. बायको म्हणाली, "दिवा विझला, दिवा लागला, त्यात एवढं काय?" घड्याळ पुन्हा लावायचं मात्र राहिलं आणि प्राचार्यांना गेलेल्या मेलवर १९७१ सालची तारीख पडली.

डिस्कवरच्या झोपेचीही, म्हणजे एस-४ चीही, एक कथा आहे. पावेल माखेक, नायजेल कनिंगहॅम, पुढे वॉर्साचे राफाएल विसोत्स्की या मंडळींनी ती वर्षानुवर्षं सांभाळली. पण मेमरी लिहून ठेवायला लागणाऱ्या स्वॅपला आमच्या डिस्कवर जागाच कमी, त्यामुळे त्या वाटेला मी फारसा गेलो नाही.

२०१० नंतरची सहा-सात वर्षं सुखाची गेली. झाकण मिटा, एसटीत बसा, स्वारगेटला उघडा. आणि मग झोपेची व्याख्याच बदलली. सुरुवात आधीच झाली होती: २०१२ साली विंडोज ८ बरोबर फोनसारखी झोप आली. मशीन तांत्रिकदृष्ट्या जागंच, फक्त एकेका भागाने आपापलं निपचित पडायचं. लिनक्सने २०१३ मध्ये तशी सोय केली. पण पुढे काही कंपन्यांनी तक्त्यातून एस-३ काढूनच टाकलं. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, हे आपण माणसांबद्दल म्हणतो. इथे सोंगच मिळालं आणि झोप गेली. एक भाग जरी टक्क जागा राहिला तर प्रोसेसर खोल उतरत नाही, आणि सॅकमध्ये लॅपटॉप भाकरीच्या तव्यासारखा तापतो. विंडोजवालेही हेच रडगाणं गातात, एवढंच समाधान. २०१८ च्या थिंकपॅड एक्स-१ कार्बनमध्ये एस-३ नव्हतं. लोकांनी पुन्हा जुना डीएसडीटीचा उद्योग काढला. मग लेनोवोने बायोसच्या अपडेटमध्ये झोपेचे दोन पर्याय दिले. एकाचं नाव 'विंडोज १०', दुसऱ्याचं 'लिनक्स'. खरं नाव सांगून झोप मिळते, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी नवा लॅपटॉप घेऊन आला. रात्री शंभर टक्के चार्ज, सकाळी साठ. "सर, काय करू?" कर्नल आता एक आकडा ठेवतो: प्रोसेसर खोल झोपेत किती मायक्रोसेकंद होता. आम्ही झाकण मिटलं, चहा घेतला, उघडलं. आकडा शून्य. यूएसबीचं सगळं काढलं, तरी शून्य. मग बायोसमध्ये जाऊन, तो कधीच वापरत नव्हता तो कार्ड रीडर बंद केला, पुन्हा झाकण मिटलं आणि दुसरा चहा मागवला. तो संपेपर्यंत दोघेही काही बोललो नाही. उघडलं तेव्हा आकडा नऊ अंकी होता.