रुग्णालयाचे पाणी

कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ साली ज्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्याच शहरात नव्वद वर्षांनी एका अज्ञात रोगाने माणसे मेली. ठाणे-कल्याणच्या श्रोत्यांपुढे ती हकीकत सांगताना आम्हांला हे नाते सोयीचे वाटले, इतकेच. आनंदीबाईंचा त्या रोगाशी काही संबंध नाही.

१९७६ च्या जुलैत तेथील बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले. मंडळी घरी परतली आणि ताप व न्यूमोनियाने अंथरुणास खिळली. एकंदर २२१ आजारी पडले, ३४ दगावले. डुकरांच्या इन्फ्ल्युएन्झाचा संशय आला. निकेलच्या विषाचाही आला. सरकारी प्रयोगशाळेत जोसेफ मॅकडेड यांना काचपट्टीवर काठीसारखे थोडे जंतू दिसले होते, पण बाहेरून मिसळले असतील म्हणून त्यांनी ते सोडून दिले. वर्षअखेरीस त्या पट्ट्या त्यांनी पुन्हा काढल्या. जानेवारी १९७७ मध्ये जंतू जाहीर झाला. रोगाला नाव मिळाले 'लीजनेअर्स'.

पण आम्हांला खरे महत्त्व वाटते ते पुढच्या गोष्टीचे. ठाण्याचे मनोरुग्णालय आपणां सर्वांस ठाऊक आहे; ते १९०१ चे. वॉशिंग्टनचे सेंट एलिझाबेथ्स हे तसेच, त्याहूनही जुने मनोरुग्णालय. तेथे १९६५ च्या उन्हाळ्यात ८१ रुग्णांना न्यूमोनिया झाला, काही मेले, आणि कारण कळले नाही. तथापि कोणीतरी त्या रुग्णांच्या रक्ताचे नमुने टाकून न देता जपून ठेवले. बारा वर्षांनी ते तपासले, तो उत्तर तेच निघाले! म्हणजे हॉटेलाच्या आधी हा रोग रुग्णालयात येऊन गेला होता.

हा जंतू माणसाकडून माणसाकडे सहसा जात नाही. तो गोड्या पाण्यात राहतो. कोमट, साचलेल्या पाण्यात, नळांच्या आतील बुळबुळीत थरात वाढतो. शॉवरच्या किंवा वातानुकूलनाच्या मनोऱ्यातील पाण्याच्या बारीक तुषारांबरोबर तो फुप्फुसात शिरतो. धडधाकट माणूस बहुधा निभावतो. वृद्ध, धूम्रपान करणारा, प्रतिकारशक्ती खचलेला रुग्ण निभावत नाही. नेहमीचे पेनिसिलीन येथे निरुपयोगी ठरते, म्हणून निदान चुकले की औषधही चुकते.

आता आपल्याकडे या. नळाला पाणी ठराविक वेळी येते, म्हणून प्रत्येक इमारतीला जमिनीखाली एक टाकी आणि गच्चीवर दुसरी. कल्याण-डोंबिवलीला उल्हास नदीचे पाणी. वैशाखात गच्चीवरच्या टाकीत ते किती तापते हे दुपारी नळाखाली हात धरणारास सांगावयास नको. विलायती नियम म्हणतो, थंड पाणी २० अंशांखाली ठेवा आणि गरम पाणी ६० अंशांवर साठवा. दुसरे जमेल, पहिले आपल्या हवेत बहुतेक वर्षभर अशक्य. मग उरते ते हे: टाक्या वेळेवर धुणे, क्लोरीन मोजणे, वापरात नसलेले नळाचे फाटे कापून टाकणे, बंद खोलीतले नळ मोकळे वाहू देणे. प्राणवायू ओला करण्याच्या बाटलीत निर्जंतुक पाणीच हवे. एका आप्ताच्या खाटेशी बसलो असता ती बाटली साध्या नळाखाली भरलेली आम्ही पाहिली आहे; भरणाऱ्या मुलाला ते चूक आहे असे कोणी सांगितलेच नव्हते.

रुग्णालयच रोगाचे घर असू शकते, हे मान्य करणे डॉक्टरांस जड जाते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली ग्लिसरीनच्या औषधात विषारी द्रव्य मिसळलेले असल्याने चौदा रुग्ण दगावले. तेथे पाण्याचा वा जंतूचा संबंध नव्हता. पण मूत्रपिंडे एकामागून एक निकामी होतात हे डॉक्टरांच्या ध्यानी आले, औषध तपासले गेले, आणि न्या. लेंटिन यांची चौकशी पुढे झाली. रोग्यांमागून रोगी मोजले, म्हणूनच हे उघडकीस आले.

न्यूमोनियाचे तेच करता येईल. रुग्ण दाखल झाल्यावर कितव्या दिवशी ताप आला, कोणत्या खोलीत, कोणत्या न्हाणीघरात गेला, एवढे वहीत लिहावे. हा रोग साधारणतः दोन ते दहा दिवसांत डोके वर काढतो. दहा दिवसांहून अधिक काळ आत असलेल्याला तो झाला, तर पाणी तेथलेच. लघवीच्या तपासणीत एकच मुख्य जात सापडते, म्हणून थुंकीतून जंतू वाढवून तो नळाच्या जंतूशी ताडून पाहावा लागतो. त्यासाठी नळाचा नमुना टाकी धुण्यापूर्वी घ्यावा लागतो, नंतर नव्हे.